दोनशे घरांची उजळणी

शेतात ज्वारीचा दाणा दुधात आला, की लोकांना हुरड्याची आठवण होते आणि मला माझी लाज वाटायला लागते. परवा शेजारच्या शांताबाईंनी कोवळी कणसं आणून दिली. "ताई, मळ्यात आगटी पेटवलीय, या की," म्हणाल्या. मी गुडघ्याचं निमित्त सांगितलं. गुडघे माझे ठणठणीत आहेत. पण गोवरीचा धूर, राखेतून काढलेल्या कणसाचा तो गोडसर वास, उन्हाला पाठ देऊन बसलेली माणसं, यातलं काहीही जवळ आलं की चार वर्षांपूर्वीचा हिवाळा समोर येऊन उभा राहतो. आणि त्या हिवाळ्यातले दादा.

दादा म्हणजे माझे वडील. आमचं गाव सोनपेठच्या अलीकडं, गोदावरीच्या अंगाला. मी एकुलती एक लेक, परभणीत तीस वर्षं मास्तरीण. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. फोनवर दादा तेच तेच विचारतात, अशी शंका मला यायला लागली, म्हणून मी शाळेतून लांबची रजा काढली आणि गावी येऊन राहिले. ह्यांनी परभणीचं घर सांभाळलं. येताना माझ्या पिशवीत दोन स्वेटर होते आणि वर्तमानपत्राच्या पुरवणीतून कापून ठेवलेला एक लेख होता. म्हातारपणी मेंदू तल्लख ठेवण्यासाठी रोज करायचे व्यायाम. लेखातल्या ओळींखाली मी लाल पेननं रेघा मारल्या होत्या. लाल पेन ही माझी जन्माची खोड.

दुसऱ्याच दिवशी घराची शाळा झाली. सकाळचा चहा झाला की दादा खाटेवर आणि मी समोर खुर्चीवर. आज तारीख काय, वार कोणता? काल दुपारी काय जेवलात? कुलूप, पेरू, चिमणी, कासरा, आरसा, हे पाच शब्द ध्यानात ठेवा, दहा मिनिटांनी विचारते. दात डाव्या हातानं घासा. शब्दकोडं निदान अर्धं तरी सोडवाच. रोजचे गुण मी एका वहीत लिहीत असे. हो, गुण. जन्मदात्याला दहापैकी चार, दहापैकी साडेपाच. अर्धा गुण मी का आणि कशाचा देत होते, ते आता आठवून अंगावर काटा येतो.

"शंभरातून सात सात वजा करत या, दादा."

"कामून?" दादा म्हणायचे. "शंभर हाईत ते ऱ्हाऊ दे की. कमी करून काय मिळायलंय?"

मला हसू यायचं, पण मी ते दाबायचे. वर्गात हसलं की वर्ग हाताबाहेर जातो, ही माझी नोकरीतली शिकवण. 'क'पासून सुरू होणारे दहा शब्द सांगा म्हटलं, तेव्हा त्यांनी कुळव, कडबा, कणगी, करडी, कासरा अशी जी सुरुवात केली ती वीसच्या पुढं गेली तरी ते थांबेनात. त्या दिवशी दहापैकी दहा द्यायला काय हरकत होती? मी नऊ दिले. कासरा आधीच्या यादीत येऊन गेला होता म्हणून.

सगळ्यात वाईट म्हणजे ही परीक्षा मी चारचौघांत घ्यायची. कुणी भेटायला आलं, की चहाच्या कपाबरोबर माझा प्रश्न तयार. "दादा, सांगा बरं यांना, काल रात्री काय भाजी होती?" दादा एकदा पाहुण्याकडं बघत, एकदा माझ्याकडं. "तूच केलतीस की. तुला याद न्हाई का?" लोक हसायचे. मी म्हणायचे, "बघा, कशी टाळाटाळ करतात." मला वाटायचं, मी किती करते आहे बापाचं. लोकही तसंच म्हणायचे, त्यामुळं आणखीच चेव यायचा.

दादांची स्वतःची एक रीत होती आणि तिचाच मला राग होता. आमचं घर लिंगायतांचं. पहाटे आंघोळ, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा, कपाळाला भस्म. त्यानंतर कोवळं ऊन ओट्यावर आलं की ते घोंगडी पांघरून बसायचे आणि अर्धा तास ओठ हलत राहायचे. जप म्हणावा तर जप नव्हता. कान देऊन ऐकलं तर माणसांची नावं ऐकू यायची. "महादेवाचं देऊळ. मठपती. गुडघा धरलाय त्याचा. म्होरं दगडूअप्पा. लेकीकडं गेलाय, आज-उद्या येईल. जमालभाई. म्हैस व्यालीय. म्होरं गंगाराम..." असं चालायचं. मधेच थांबायचे, बोटानं हवेत वळण घ्यायचे, पुन्हा पुढं. मी परभणीला फोन करून ह्यांना सांगितलं, दादा आताशा बडबडतात. आणि दादांना सांगितलं, बडबडण्यापेक्षा कोडं सोडवा, डोक्याला चालना मिळेल.

ती बडबड काय होती हे गावातल्या कुठल्याही माणसाला ठाऊक होतं. मलाही ठाऊक असायला हवं होतं, मी याच ओट्यावर लहानाची मोठी झाले. गावात कुणाकडं लग्न असो, बारसं असो की वर्षाचं जेवण असो, घरोघर जाऊन तोंडी आवतण द्यायची रीत. पत्रिका छापल्या तरी त्या पाहुण्यारावळ्यांना. गावाला आवतण तोंडीच, दारात उभं राहून. आणि एखादं घर राहिलं तर ते चुकून राहिलं असं कुणी मानत नाही. राहिलेल्या एका आवतणापायी आमच्या गावात दोन सख्खे भाऊ बारा वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. म्हणून ज्याच्या घरी कार्य असेल तो माणूस दादांकडं यायचा. "दादा, तेवढं आवतणाचं बगा." दादा फेटा बांधायचे, काठी घ्यायचे आणि देवळापासून निघून गल्ली गल्ली करत दोनशे घरं करून यायचे. कागद कधी नेला नाही. घर कधी राहिलं नाही. चाळीस वर्षं गावानं त्यांना दिलेला एवढाच काय तो मान. रोज सकाळी ओट्यावर बसून ते त्या दोनशे दारांवरून मनानं फिरून यायचे. कोण आजारी, कोण परगावी, कुणाची सून बाळंतपणाला गेली. घरातलं माणूस वाढलं किंवा कमी झालं की त्यांच्या डोक्यातलं दार त्याच दिवशी बदलायचं.

मी मात्र त्यांना चिमणी आणि आरसा ध्यानात ठेवायला सांगत होते.

त्या पुरवणीतल्या लेखात व्यायाम बरेच होते, पण त्यातला एकही दुसऱ्या माणसाबद्दल नव्हता. सगळे आपल्यापुरते. आपलं डोकं, आपली स्मरणशक्ती, आपले गुण. हे मला आज सुचतंय. तेव्हा सुचलं असतं तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती.

आईचं वर्षाचं जेवण ठरलं. सगळ्या गावाला जेवण. आदल्या दिवशी सकाळी अंगणात आचारी चुलाण खणत होता, चारपाच गावकरी आले होते. दादा आतून बाहेर आले ते फेटा बांधून, हातात काठी.

"कुठं निघालात?" मी विचारलं.

"कुठं म्हंजी? आवतण द्यायला."

"दादा, काल पाच शब्दांतले तीनच आठवले तुम्हाला. दोनशे घरं आठवणारेत का?"

मी हे सगळ्यांसमोर म्हणाले. आचारीसुद्धा हसला. दादा मागं वळले. मग खाटेवर बसले, काठी भिंतीला लावली आणि फेटा सोडायला लागले. एकेक वेढा, सावकाश. सोडलेला फेटा मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "मग लिव्ह."

मी फोन काढला. ते सांगत गेले, मी फोनमध्ये लिहीत गेले. देवळापासून वेशीपर्यंत आणि वेशीपासून मागच्या अंगानं. कुठं अडखळले नाहीत. मीच दोनदा म्हणाले, हळू सांगा. शंभराच्या पुढं गेलो आणि माझ्या शाळेतून फोन आला. सराव परीक्षेच्या पेपरांचं काहीतरी होतं. मी एका कानाला फोन धरला, दादांना हातानं खूण केली की चालू द्या. ते सांगत राहिले, मी हूं हूं म्हणत राहिले. मधेच त्यांचा आवाज किंचित चढला. "आन् वड्यापल्याडची कौसा. तिला फोन करू नगं. तिच्याकडं तू सोता जा."

मी हूं म्हणाले.

कौसाबाई म्हणजे ओढ्याच्या पलीकडचं शेवटचं घर. नात्याची ना गोत्याची. आईचे शेवटचे चार महिने मी परभणीत पेपर तपासत होते, दर रविवारी येत होते, सफरचंदं आणत होते. रोजची आंघोळ, वेणीफणी, कूस बदलणं हे कौसाबाईनं केलं. कुणी सांगितलं नव्हतं. भाकरीचं टोपलं झाकून यायची आणि आईचं सगळं आवरून परत जायची.

फोन संपला तेव्हा दादांची घरंही संपत आली होती. मधली नावं आठवतील तशी भरून मी यादी पुरी केली, काहींना फोन केले, काहींच्या दारात जाऊन आले. गावाच्या व्हॉट्सॲप गटावर निरोपही टाकला. संध्याकाळपर्यंत काम उरकल्याचा मला कोण अभिमान. दादांना दाखवलंसुद्धा, "बघा, किती सोपं असतं."

पंगती बसल्या, उठल्या. दादा अंगणाच्या तोंडाशी उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडत होते आणि रस्त्याकडं बघत होते. "कौसा दिसंना," ते दोनदा म्हणाले. मी म्हटलं, येईल. तिसरी पंगत उठताना शांताबाई मोठ्यानं म्हणाल्या, "कौसाबाईला आवतणच न्हाई म्हनं. सकाळधरनं दारात बसून हाय बिचारी." आईचं वर्षाचं जेवण, आणि कौसाबाई घरी. सगळे आमच्याकडं बघायला लागले.

मला त्याच क्षणी आठवलं. तो किंचित चढलेला आवाज, तिच्याकडं तू सोता जा, आणि माझं हूं. सगळं जसंच्या तसं, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. आठवणीत माझ्या काडीचाही दोष नव्हता. आणि मी म्हणाले,

"दादांच्या ध्यानातून राहिलं असेल. वय झालं आता."

लोकांनी माना हलवल्या. खरंच की, वय झालं. दादा माझ्याकडं वळले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते खरंच विचारत होते. "माज्याकून ऱ्हायलं? मी सांगितलो न्हाई का, शैला?"

तेव्हा तरी सांगायचं होतं. अजून वेळ गेली नव्हती. कौसाबाई दोनशे पावलांवर होती, चौथी पंगत बसायची होती. पण मी शिकलेली, मी रजा काढून आलेली, मी फोनमध्ये यादी केलेली. मी म्हणाले, "नाही दादा. तुम्ही सांगितलंच नाही."

दादा खाली बघत राहिले. ओठ हलले. बहुतेक ते देवळापासून निघून पुन्हा एकदा त्या घरापर्यंत गेले असावेत आणि दारापाशी पोचूनही त्यांना ते आपलं पोचणं खरं वाटलं नसावं. "असंल मग," म्हणाले. "गेली याद माजी."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. मला सगळ्यात जास्त लाज याची वाटते. खोटं बोलल्याची वाटतेच, पण माणूस खोटं बोलतो. त्यांनी स्वतःच्या डोक्यापेक्षा माझ्या शब्दाला खरं मानलं, कारण महिनाभर रोज सकाळी मी त्यांना तेच तर शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते कौसाबाईकडं जाऊन हात जोडून आले. मी सोबत गेले नाही. काय बोलणं झालं ते विचारलंही नाही. त्याच्या पुढच्या सकाळी पूजा झाल्यावर ते ओट्यावर येऊन बसले आणि घोंगडी पांघरली. ओठ हलले नाहीत. त्यानंतर कधीच हलले नाहीत. गावातही पुन्हा कुणी दादांना आवतणाला बोलावलं नाही. आता गटावर निरोप येतो आणि घरं राहतात, पण दोष द्यायला माणूस नसतो, त्यामुळं कुणी फारसं मनावर घेत नाही.

मग दादा खरोखर विसरायला लागले. आधी वार, मग माणसं. आई आत आहे असं समजून चुलीपुढं जाऊन उभे राहायचे. परभणीला डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, कुणाचा दोष नाही. मी त्यांना सगळं कुठं सांगितलं होतं?

मी निवृत्त झाले आणि गावीच येऊन राहिले. आता चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधते. कपाट उघडते आणि कशाला उघडलं ते आठवत नाही. भीती वाटते, म्हणून व्यायाम मीच करते. सुडोकू सोडवते, डाव्या हातानं दात घासते, शंभरातून सात वजा करत दोनपर्यंत येते. सुडोकूत मी पटाईत आहे, कुणी विचारलं तर सांगतेही. मागच्या आठवड्यात मात्र एका दुपारी डोळे मिटले आणि दादांसारखं देवळापासून निघून बघितलं. तिसऱ्या गल्लीत मी हरवले. दारं दिसत होती. कुठलं निळं, कुठलं पत्र्याचं. आत कोण राहतं ते ठाऊक नव्हतं. ज्यांच्याकडं मी रोज चहा पिते त्या शांताबाईंच्या सुनेचं नावही मला सांगता आलं नाही. हे विसरणं नव्हतं. मला ते कधी माहीतच नव्हतं.

म्हणून काल संध्याकाळी बोलले. दादा खाटेवर बसले होते, दिवस कलायला आला होता. त्यांना समजेल की नाही याची खात्री नव्हती. खरं सांगायचं तर समजणार नाही म्हणूनच धीर झाला. मी त्यांच्या पायाशी बसले. म्हटलं, "दादा, आईच्या वर्षाच्या जेवणाला कौसाबाई राहिली ना, ते तुमच्याकडून राहिलं नव्हतं. तुम्ही नाव सांगितलं होतं. मी लिहिलं नाही. वर खोटं बोलले. सगळ्यांसमोर बोलले."

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. मग म्हणाले, "कौसाला आवतण न्हाई?"

"नाही दादा. म्हणजे तेव्हा..."

"आगं, मग बसलीस काय? चल, चल. पंगत बसायच्या आत जाऊ."

ते उठलेच. काठी शोधायला लागले. चार वर्षांत मी त्यांना इतक्या घाईनं उठताना बघितलं नव्हतं. दादा, पंगत उठून गेली, असं सांगणं माझ्या जिवावर आलं. त्यांचा हात धरून निघाले. वाटेत त्यांना एकही दार ओळखू आलं नाही. "हे कुनाचं घर?" असं प्रत्येक घराला विचारत होते आणि मला निम्म्यांचं उत्तर येत नव्हतं. पाय मात्र कुठं चुकले नाहीत. ओढ्याशी आल्यावर त्यांनी माझा हात सोडला.

कौसाबाई दाराशीच गॅसवर भाकरी करत होती. शेजारी सून पीठ मळत होती, दोन पोरी अभ्यासाला बसल्या होत्या. दादा उंबऱ्याबाहेर ताठ उभे राहिले. त्यांचा आवाज मोकळा झाला.

"कौसा, आज आमच्याकडं जेवाय यायचं. शैलाच्या मायचं वर्ष हाय. चूलबंद आवतण हाय बग."

चूलबंद म्हणजे घरातल्या एकूण एक माणसानं यायचं. त्या वेळी त्या घरची चूल पेटवायची नाही.

कौसाबाईनं माझ्याकडं बघितलं. मी बोलायला लागले, "मावशी, त्यांना आता कळत नाही. ते तेव्हाचं आवतण... मावशी, तेव्हा चूक माझी..."

तिनं पिठाचा हात वर केला. "तू थांब, माय," ती म्हणाली. "त्यान्ला बोलू दे."

मग डोक्यावरचा पदर सारखा करून ती दादांना म्हणाली, "येतो की, दादा. तुमी व्हा म्होरं. समदे येतो."

दादांनी हात जोडले आणि वळले. माझा पाय उंबऱ्यापाशीच अडला होता. घरी माझ्याकडं सकाळचं वरण होतं आणि दोन पोळ्या होत्या. कौसाबाईनं सुनेला सांगितलं, "पीठ झाकून ठिव. आवतण आलंय." सून काहीतरी विचारणार होती, पण सासूचं तोंड बघून तिनं परातीवर ताट पालथं घातलं. कौसाबाईनं हात लांब करून गॅस बंद केला. तव्यावरची भाकरी एकाच बाजूनं भाजलेली होती.